बरणीतलं मटण मी का विकत नाही

मी धाराशिवची. माहेर खाटिकाचं, सासरही खाटिकाचं. वडिलांचं दुकान आता भाऊ चालवतो, आणि मी घरातून काळा मसाला, रस्सा दाट करायचा येसूर आणि मटणाचं लोणचं करून विकते. उस्मानाबादी बोकडाच्या मटणाला वेगळं कौतुक करून सांगायची गरज नाही, त्यामुळे गिऱ्हाईक लांबलांबचं आहे. त्यातल्या निम्म्यांची मागणी एकच असते: "ताई, सुक्कं मटण बरणीत पॅक करून पाठवा. वरून तेल ओता, झाकण घट्ट लावा, महिनाभर बाहेर टिकलं पाहिजे."

मी नाही म्हणते. दरवेळी फोनवर सगळं सांगणं जमत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

समोरून हमखास येणारं उत्तर म्हणजे, "आमची आजी करायची, कुणाला काही झालं नाही." या वाक्याचा मला राग येत नाही, कारण आजीनं जे केलं ते बहुतेक वेळा बरोबरच होतं. फक्त आजीनं नेमकं काय केलं होतं, ते आपण विसरलोय. बरणीत बंद केलेलं ओलं मटण आपल्याकडच्या कुठल्याच आजीनं केलं नाही. तिनं मटण वाळवलं.

आमच्याकडे फ्रिज नव्हता तेव्हा बाजारच्या दिवशी मटण उरलं तर माय ते वाळवायची. पण या कामात खरा हात होता तो दलित वस्त्यांमधल्या बायांचा. चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, त्यांच्याच. मोठं जनावर मिळालं की एका दिवसात संपायचं नाही, आणि पुढे कधी मिळेल याचा भरवसा नसायचा. त्या गरजेतून हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या पक्कं होत गेलं, आणि त्याला कुणी ज्ञान म्हटलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. मायनंही ते तिथूनच उचललं. आमच्या दुकानामागच्या गल्लीत एक म्हातारी राहायची, सगळे तिला मामी म्हणायचे. चान्या कापताना मी तिला जवळ बसून पाहिलंय. हाडाविना मांसाचा गोळा डाव्या हातात धरायचा, सुरी एका कडेनं आत घालायची आणि पलीकडची कड तुटायच्या अलीकडे थांबवायची. मग गोळा फिरवायचा आणि उलट्या बाजूनं तसंच कापत यायचं. बघता बघता गोळ्याची बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी उलगडायची. कुठं जाड राहिली की मामी ती जागा चिमटीत धरून परत सुरी फिरवायची. "जाड ऱ्हायली की तितंच नासती," एवढंच म्हणायची. चरबी तर ती अगदी नखानं काढायची. ती वाळत नाही आणि पुढे खवट होते.

मग भरपूर मीठ, हळद, आणि पट्ट्या वलणीवर. हे सगळं उन्हाळ्यात. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि हवेत ओलावा जवळजवळ नसतो. कोकणात हवा दमट, तिथं हे इतक्या सहज जमणार नाही. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच पट्टी ताठ व्हायला लागते. वाकवली की कडकन मोडली पाहिजे, नुसती वाकली तर परत उन्हात. मग गाडग्यात भरून तोंडाला फडकं बांधायचं. फडकं, झाकण नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की ऊन पडेल त्या दिवशी गाडगं उपडं करून चान्या परत वाळवायच्या. आणि खाताना विस्तवावर भाजून किंवा डाळीत, अंबाडीच्या भाजीत घालून रटरटा शिजवूनच खायच्या.

यातली एकेक गोष्ट आजच्या अन्नशास्त्रात बसते. जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. उन्हानं ते निघून जातं, जे उरतं ते मीठ धरून ठेवतं. पट्टी पातळ असल्यामुळे आतला भाग वेळेत वाळतो. फडक्यामुळे हवा खेळती राहते. एक उणीव मात्र आहे आणि ती सांगायलाच हवी. उन्हात वाळवल्यानं साल्मोनेलासारखे जंतू वाढायचे थांबतात, मरतात असं नाही. म्हणून हल्ली मांस वाळवण्याआधी किंवा वाळवल्यावर ते आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला तापवा असं सांगतात, कोंबडीचं असेल तर 74. मामीच्या घरी ही राहिलेली पायरी खाण्याआधीच्या शिजवण्यात पूर्ण व्हायची. चान्या शेंगदाण्यासारख्या कच्च्या तोंडात टाकायच्या नसतात. आता चान्या पाकिटात घालून खाऊ म्हणून विकायचा विचार कुणी करत असेल, तर आधी हे लक्षात घ्यावं.

बरणीचा मामला याच्या बरोबर उलटा आहे. चान्यांत आपण पाणी काढून घेतो आणि हवा ठेवतो. बरणीत पाणी तसंच राहतं आणि हवा जाते. त्यामुळे शत्रूही बदलतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत सगळीकडे असतो. हवा असेल तिथं तो निपचित पडून राहतो, बीजाणू होऊन, कडक कवचात. हवा नाही, ओलावा आहे, आंबटपणा नाही आणि ऊब आहे, अशी जागा मिळाली की तो जागा होतो आणि विष तयार करतो. तेलाखालचं ओलं मटण ही त्याच्यासाठी तयार केलेली जागा आहे. तेल मटणाचं रक्षण करतं हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. तेल फक्त हवा अडवतं, आणि या जिवाणूला तेच हवं असतं.

हे कुणाला कळलं, त्याची गोष्ट वाचण्यासारखी आहे. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल नावाच्या गावात एका अंत्यविधीला आलेल्या वाजंत्र्यांनी जेवणात खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. अनेक जण आजारी पडले, तिघं गेले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं उरलेल्या मांसातून आणि एका मृताच्या शरीरातून हा जिवाणू वेगळा केला. त्याच्या लक्षात आलं की ते मांस पिंपाच्या तळाला, खारवणाच्या पाण्यात बुडालेलं होतं, आणि त्याच डुकराचं दुसरं मांस खाऊन कुणाला काही झालं नव्हतं. मीठ होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि तळाला हवा नव्हती.

आता उकळण्याबद्दल. बरणीत अन्न भरून, बूच लावून उकळत्या पाण्यात ठेवायची पद्धत निकोला आपेर या पॅरिसच्या मिठाईवाल्यानं बसवली. 1810 मध्ये फ्रेंच सरकारनं त्याला त्यासाठी 12,000 फ्रँक दिले. अन्न जंतूंमुळे नासतं हे तेव्हा कुणी सिद्ध केलेलं नव्हतं, ते पुढे दाखवणाऱ्या पाश्चरचा जन्मही झाला नव्हता. अमेरिकेत शेतावरची घरं पुढे कित्येक दशकं याच पद्धतीनं मांस भरत राहिली: बरण्या मोठ्या हंड्यात ठेवायच्या आणि तीन-तीन तास उकळायच्या. तिथल्या कृषी खात्यानं 1917 मध्ये सांगितलं की मांस आणि बिनआंबट भाज्यांना उकळतं पाणी पुरत नाही, दाबाची वाफच लागते. तरी तिथं आजही वाद संपलेला नाही. माझी भाची विस्कॉन्सिनमध्ये राहते. तिच्याकडे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो आणि शेजारीपाजारी हरणाचं मांस बरण्यांत भरतात. ती सांगते, "मावशी, इथल्या म्हाताऱ्या पण तेच म्हणतात, आमच्या आजीनं तीन तास उकळलं, कोण मेलं?" दोन्हीकडची आजी एकच वाक्य बोलते.

तीन तास का पुरत नाहीत, याला आकडे आहेत. 1922 मध्ये कॅलिफोर्नियात एस्टी आणि मायर या दोघांनी बीजाणू किती तग धरतात ते मोजलं. 100 अंशांवर सगळ्यात चिवट बीजाणू मारायला 330 मिनिटं लागली. 110 अंशांवर 33. 120 अंशांवर साधारण 4. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ जवळपास दहा पटीनं कमी होतो. उघड्या पातेल्यातलं पाणी कितीही जाळ घातला तरी 100 च्या वर जात नाही. आणि आपल्याकडे तर तेवढंही होत नाही. धाराशिव, लातूर ही गावं बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहेत. इथं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. समुद्रकाठच्या मुंबईतल्या एखाद्या बाईनं व्हिडिओत दाखवलेले तीन तास आपल्या चुलीवर त्याहून कमी पडतात.

भाचीकडे खास बरण्यांसाठीचा दाबाचा डबा आहे. तिनं व्हिडिओ कॉलवर सगळं काम मला दाखवलं, आणि मी वही घेऊन बसले. मांसाचे तुकडे फक्त वरून परतून घ्यायचे, पूर्ण शिजवायचे नाहीत. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर एक इंच मोकळी ठेवायची. काठ कपड्यानं पुसायचा, कारण तिथं चरबीचा थेंब राहिला तरी झाकण बसत नाही. डब्यात तळाला जाळी, थोडं पाणी, त्यावर बरण्या. झाकण लावून आधी दहा मिनिटं वाफ मोकळी जाऊ द्यायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा आत राहिली तर काटा दाब दाखवतो, पण तापमान तेवढं नसतं. मग वजन ठेवायचं. दाब आला की तिथून वेळ मोजायची: अर्ध्या लिटरच्या बरणीला 75 मिनिटं, लिटरच्या बरणीला 90. समुद्रसपाटीला वजनाच्या डब्यात 10 पौंड दाब चालतो, हजार फुटांच्या वर 15 लागतो. आपण दोन हजार फुटांच्या वर आहोत. मध्येच दाब खाली आला तर परत वर आणायचा आणि वेळ पहिल्यापासून मोजायची. मग गॅस बंद करून डबा आपोआप थंड होऊ द्यायचा. भाचीचा तो सगळा दुपारचा वेळ काट्यावर नजर ठेवून उभं राहण्यात गेला. मला ती शिस्त मामीच्या चिमटीसारखी वाटली. दोघींनाही कुठली पायरी चुकवून चालणार नाही हे माहीत आहे.

"मग आपला कुकर आहे की, त्यालाही 15 पौंडांची शिट्टी असते," हा पुढचा प्रश्न. खरं आहे, दाब जवळपास तोच असतो. पण ते 75 आणि 90 मिनिटांचे आकडे चार-पाच मोठ्या बरण्या मावतील अशा जड डब्यावर तपासलेले आहेत. तो डबा तापायला वेळ घेतो आणि निवायलाही, आणि त्या काळातही बरणीच्या आत जंतू मरत असतात. आपला पाच लिटरचा कुकर पटकन तापतो, पटकन निवतो. तेवढी उष्णता कमी पडते आणि ती किती कमी पडते ते कुणी मोजलेलं नाही. शिट्टीवरून कुकरात दाब किती टिकून आहे तेही कळत नाही. शिट्टी झाली म्हणजे थोडा दाब गेला, परत येईपर्यंत काय झालं?

याहून मोठी अडचण आपल्या स्वयंपाकाची आहे. भाची भरते ते मांसाचे तुकडे आणि पातळ पाणी. पाणी आतल्या आत फिरतं आणि उष्णता मधोमध पोचवतं. आपल्या रश्श्यात खोबरं, तीळ, शेंगदाण्याचा कूट, आणि येसूर. येसुरात भाजलेली ज्वारी-बाजरी आणि डाळ असते, ती रस्सा दाट करायलाच असते. दाट रस्सा फिरत नाही. उष्णता कडेकडेनं रांगत आत जाते आणि बरणीच्या मधला भाग थंडच राहतो. म्हणूनच तिकडेही पीठ घालून दाट केलेलं काही बरणीत भरू नका असं सांगतात. येसूर घातलेल्या मटणासाठी तपासलेली वेळ घरगुती पद्धतीत कुठेच नाही. अंदाजानं मिनिटं वाढवून मी माझ्या गिऱ्हाइकाच्या पोरीला ते खायला देणार नाही.

कारखान्यात हे जमतं. म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेनं सैनिकांसाठी पाकिटबंद जेवण तयार केलंय, तेही मोठ्या दाबाच्या यंत्रात. पाकिटाच्या सगळ्यात थंड जागी तापमान मोजणारी तार घालून प्रत्येक पदार्थाची वेळ ठरवतात. पदार्थ बदलला की वेळ नव्यानं ठरवायची. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. तिथल्या प्रशिक्षणात मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं. बचत गटातल्या ज्या बायांना मांसाचा व्यवसाय करायचा आहे, त्यांनी व्हिडिओ बघण्याआधी तिथं एक चक्कर मारावी असं मला मनापासून वाटतं.

आणि समजा सगळं बरोबर जमलं, बरणी नीट बंद झाली, तरी ठेवायची कुठं? अशा बरण्या 10 ते 21 अंशांत ठेवाव्यात, 35 च्या वर तर नकोतच, असा नियम आहे. आपल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात फळीवर हात ठेवून बघा. 35 ते 40 अंश ही त्या जिवाणूची सगळ्यात आवडती ऊब. एखादा बीजाणू वाचलेला असेल तर मराठवाड्याचा उन्हाळा त्याला जागं करायला पुरेसा आहे. हे ऊन चान्यांच्या कामाचं आहे, बरणीच्या नाही.

माझ्या लोणच्याबद्दलही सांगते, कारण तेही मटणच आहे. लोणचं आंबटपणावर टिकतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), 4.6 च्या खाली असेल तर हा जिवाणू वाढत नाही. म्हणून मी तुकडे लहान करते, पाणी आटेपर्यंत तळते, आणि व्हिनेगर-लिंबू सढळ घालते. दोन दिवसांनी तुकडे मसाल्यासकट वाटून मीटरनं पीएच बघते. नुसता खार मोजून उपयोग नाही, तुकड्याच्या आत आंबटपणा शिरला का तेच महत्त्वाचं. 4.2 च्या वर निघालं तर तो घाणा मी विकत नाही. लसूणही व्हिनेगरात भिजवूनच घालते, कारण तो मातीतून येतो आणि तेलात बुडालेला कच्चा लसूण हा या विषाचा जुना रस्ता आहे. एवढं करूनही बरणीवर "फ्रिजमध्येच ठेवा" असं लिहिते आणि उन्हाळ्यात कुरिअर करत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. मला ते चालतं.

पुण्यात राहणाऱ्या पोरीला मटण पाठवायचं असेल तर काय करायचं ते सांगते. सुक्कं करा, लगेच थंड करा, छोट्या डब्यांत घालून फ्रीजरमध्ये गोठवा. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघताना डबा थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा, सकाळी तिथं फ्रीजरमध्ये. तिथं फ्रीजर नसेल तर मसाला आणि येसूर पाठवा, मटण ताजं घेऊन तिनं तिथंच करावं. माझ्याकडून येसूर घेतलात तर पाव किलोचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं.

ज्यांच्या घरात कुणीतरी पाठवलेली अशी बरणी आत्ता फळीवर आहे, त्यांना कळकळीनं सांगते. या विषाला दरवेळी वास येत नाही, चव बदलत नाही, झाकण फुगतंच असंही नाही. "नुसतं चाटून बघते" हे करू नका, तेवढंही पुरतं. विष दहा मिनिटं खळखळ उकळल्यानं मरतं हे खरं, पण त्या भरवशावर शंकेची बरणी वाढू नका. बरणी उघडू नका, पिशवीत बांधून कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागणार नाही अशी टाका. आणि कुणी खाल्लंच असेल आणि दीड-दोन दिवसांत, कधी त्याहून उशिराही, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, बोलणं अडखळू लागलं, तर ताप नाही म्हणून थांबू नका. या दुखण्यात सहसा ताप येत नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि बरणीतलं मटण खाल्लंय हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. यावरचं प्रतिविषाचं औषध जितकं लवकर मिळेल तितका श्वास वाचतो, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या ते पटकन डोक्यात येणार नाही.